हंड्रेड म्हणजे नेहमीच शंभर नव्हे

इंग्रजीतील ‘हंड्रेड’ या शब्दाचा अर्थ पहिलीतल्या मुलाला विचारला तरी तो ‘शंभर’ असेच सांगेल, आणि आजच्या व्यवहारापुरते ते उत्तर बरोबरही आहे. मात्र इंग्लंडच्या इतिहासात हा शब्द जिथे जिथे भेटतो, तिथे तिथे त्याची किंमत शंभरच असेल याची खात्री देता येत नाही. ब्रिटिश ‘हंड्रेडवेट’ हे वजन 112 पौंडांचे असते. ग्रेट यार्मथच्या बंदरात मोजलेल्या हेरिंग माशांच्या एका ‘हंड्रेड’मध्ये 132 मासे असत. मध्ययुगीन हिशेबवहीत खिळ्यांचा एक ‘हंड्रेड’ नोंदलेला दिसला, तर खिळे 120 असण्याचाच संभव अधिक. बकिंगहॅमशायरमधील ‘चिल्टर्न हंड्रेड्स’ ही तर संख्याच नव्हे. ते जमिनीचे तीन जुने विभाग आहेत. एकाच शब्दाला इतकी निरनिराळी मापे कशी चिकटली, हे त्याच्या घडणीतच दडलेले आहे. ‘हंड्रेड’ हा शब्द मुळात एखाद्या नेमक्या संख्येपेक्षा मोजणीच्या एका रीतीचे नाव म्हणून घडला, आणि मोजणी कशाची, कोणी व कोणाच्या सोयीने केली, यावर त्याची किंमत ठरत गेली.

या शब्दाचे दोन तुकडे पडतात. जुन्या इंग्रजीत शंभरासाठी नुसता ‘हुंड’ हा शब्द वापरात होता आणि त्याला ‘रेड’ हा दुसरा तुकडा पुढे जोडला गेला. पहिला तुकडा संस्कृतातील ‘शतम्’चा, म्हणजेच आपल्या दोनशे-पाचशेमधल्या ‘शे’चा, थेट भाऊबंद आहे. ऐकताना ‘हुंड’ आणि ‘शत’ यांत काहीच साम्य जाणवत नाही, परंतु मधल्या भाषा शेजारी मांडल्या की नाते उघड होते: लॅटिनमध्ये ‘केन्तुम्’, ग्रीकमध्ये ‘हेकातोन’, लिथुआनियनमध्ये ‘शिम्तास’, अवेस्तात ‘सतम’ आणि रशियनमध्ये ‘स्तो’. या सर्वांच्या मागे जी आदिम भाषा होती, तिच्यात या शब्दाचे रूप साधारण ‘क्म्तोम्’ असे असावे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्याच्याही मागे दहासाठीचा ‘देक्म्’ हा शब्द उभा आहे. संस्कृत ‘दश’ आणि लॅटिन ‘देकेम्’ त्यातूनच आले. थोडक्यात, शत म्हणजे दहांचे दहा, आणि आरंभीचा ‘द’ उच्चारात झिजून गेला.

मूळ ‘क’चा जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, जर्मन यांच्या कुळातल्या भाषांत, ‘ह’ झाला. असे व्यंजनबदल सरसकट आणि नियमाने झाले, हे याकोब ग्रिम याने 1822 साली पद्धतशीरपणे मांडले. पण त्याच्या नियमाप्रमाणे पाहिले, तर ‘हुंड’च्या अखेरीस ‘ड’ येता कामा नये. मूळ ‘त’चा तिथे ‘थ’सारखा उच्चार व्हायला हवा होता. ही अडचण कार्ल वर्नर या डॅनिश अभ्यासकाने सोडवली. 1877 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने दाखवून दिले, की याचे उत्तर वैदिक संस्कृतातील स्वरांत आहे. वेदपाठात ‘शतम्’चा उदात्त स्वर, म्हणजे उच्चारातला आघात, दुसऱ्या अक्षरावर पडतो, तसाच तो ‘पितर्’ या शब्दातही दुसऱ्या अक्षरावर आहे, तर ‘भ्रातर्’मध्ये तो पहिल्या अक्षरावर आहे. जिथे आघात ‘त’च्या आधीच्या अक्षरावर होता, तिथे ‘थ’ टिकला आणि ‘ब्रदर’ हा शब्द मिळाला; जिथे तो नंतर होता, तिथे जुन्या इंग्रजीत ‘ड’ आला, म्हणून ‘फॅडर’ आणि म्हणूनच ‘हुंड’. जर्मानिक भाषांनी तो जुना आघात केव्हाच सोडून दिला होता. वैदिकांनी मात्र तो पाठांतराने जपला होता. इंग्रजी शब्दातील एका ‘ड’चा उलगडा वेदपाठाच्या स्वरांतून व्हावा, ही गोष्ट मला या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर वाटते.

शंभराच्या याच शब्दावरून एकोणिसाव्या शतकात भाषांचे दोन गट पाडण्यात आले. ज्या भाषांत आरंभीचा ‘क’ कायम राहिला, किंवा जर्मानिकप्रमाणे त्याचा पुढे ‘ह’ झाला, त्यांना लॅटिन शब्दावरून ‘केन्तुम्’ गट म्हणत, आणि ज्यांत त्याचा ‘श’ किंवा ‘स’ झाला त्यांना अवेस्तातील शब्दावरून ‘सतम’ गट. पश्चिमेकडच्या भाषा केन्तुम् आणि पूर्वेकडच्या सतम, अशी ही मांडणी नकाशावर नेटकी बसत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ती विस्कटली. आजच्या शिनजियांग प्रांतातील तारीम खोऱ्यात सापडलेल्या, ब्राह्मी वळणाच्या लिपीत लिहिलेल्या बौद्ध हस्तलिखितांची भाषा एमिल सीग आणि विल्हेल्म सीगलिंग यांनी 1908 साली ओळखली. तिला तोखारी हे नाव पडले, आणि भारताच्याही उत्तरेला, चीनच्या दारात बोलल्या गेलेल्या या भाषेत शंभरासाठी ‘कान्ते’ असा चक्क ‘क’ असलेला शब्द निघाला. तेव्हापासून या गटांकडे भूगोलाचा पुरावा म्हणून पाहणे अभ्यासकांनी सोडले, तरी नावे मात्र तीच राहिली.

आता दुसरा तुकडा. ‘रेड’ हा तुकडा ज्या जुन्या जर्मानिक शब्दापासून आला, त्याचा अर्थ गणना किंवा हिशेब असा होतो. गॉथिक भाषेत हिशेबाला ‘राथ्यो’ म्हणत, आणि लॅटिनमधील ‘रातिओ’ हा शब्दही त्याच कुळातला. म्हणजे ‘हुंड-रेड’चा शब्दशः अर्थ ‘शंभराची गणना’ असा झाला. येथे साहजिकच प्रश्न पडतो, की शंभरासाठी ‘हुंड’ हा सरळ शब्द हाताशी असताना त्याला ‘गणना’ हे शेपूट लावण्याची गरज का पडावी. त्याचे कारण हे, की जर्मानिक समाजांत शंभर मोजण्याच्या एकाहून अधिक रीती होत्या, आणि बोलणारा कोणत्या रीतीने बोलतो आहे हे कित्येकदा सांगावे लागे.

जुन्या इंग्रजीतील दशकांची नावे पाहिली, की ही दुहेरी व्यवस्था डोळ्यांसमोर येते. वीस, तीस, चाळीस, पन्नास आणि साठ यांची नावे आजच्यासारखीच सरळ होती. साठाला ‘सिक्सटिग’ म्हणत. सत्तरापासून मात्र प्रत्येक नावाच्या आधी ‘हुंड’ येऊ लागे: सत्तर म्हणजे ‘हुंडसेओफोनटिग’, ऐंशी म्हणजे ‘हुंडएआहटाटिग’, नव्वद म्हणजे ‘हुंडनिगोनटिग’. एवढ्यावर हे थांबत नसे. शंभरासाठी ‘हुंडटेओनटिग’ म्हणजे ‘दहा दशके’ असा शब्द होता, एकशे दहासाठी ‘हुंडएंडलेफटिग’ म्हणजे ‘अकरा दशके’ आणि एकशे वीससाठी ‘हुंडट्वेल्फटिग’ म्हणजे ‘बारा दशके’. साठावर पहिला टप्पा आणि त्याच्या दुपटीवर, एकशे विसावर, दुसरा टप्पा, अशी ही मांडणी दिसते. बॅबिलोनमधील साठाच्या मोजणीचा हा दूरवर पोहोचलेला प्रभाव असावा, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस योहानेस श्मिट या जर्मन अभ्यासकाने सुचवले होते. कल्पना आकर्षक असली, तरी ती मान्य करण्याची सक्ती वाटत नाही. या सर्व नावांचा पाया उघडपणे दहाचाच आहे, आणि इंग्रजीतील ‘इलेव्हन’ व ‘ट्वेल्व्ह’ हे शब्दही मुळात ‘दहा मोजून एक उरला’ आणि ‘दोन उरले’ अशाच अर्थाचे आहेत. दहा-दहाचे गट करायचे आणि असे बारा गट झाले की मोठा गट पूर्ण झाला असे मानायचे, इतकीच ती रीत होती. एकशे विसाला शंभरापेक्षा कितीतरी अधिक संख्यांनी निःशेष भाग जातो, त्यामुळे वाटणीच्या व्यवहारात ती सोयीची ठरली असणार, हे समजण्याजोगे आहे.

या एकशे विसाच्या गटाला इंग्रजीत पुढे ‘लाँग हंड्रेड’ म्हणजे मोठा शेकडा असे नाव पडले. हे नाव अर्थातच नंतरचे. ज्यांचा शेकडाच एकशे विसाचा होता, त्यांना त्याला मोठा म्हणण्याचे कारण नव्हते. स्कँडिनेव्हियातील जुन्या नॉर्स भाषेत ‘हुंद्राद’ म्हटले की सामान्यतः एकशे वीसच समजले जाई, आणि शंभर अभिप्रेत असेल तर ‘दहांच्या हिशेबाचा हुंद्राद’ असे विशेषण जोडावे लागे. याचा सर्वांत जुना माग गॉथिक बायबलात लागतो. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपाने केलेल्या त्या भाषांतरात, करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातील पाचशे बंधूंच्या उल्लेखापाशी ‘दहा-दहाच्या ओळींचे’ अशा अर्थाचा शब्द मुद्दाम घातलेला आढळतो. वाचणाऱ्याने पाचशेचे सहाशे करू नयेत, यासाठीच ही दक्षता असावी असे मानले जाते.

अशी दक्षता जिथे घेतलेली नाही, तिथे आजच्या इतिहासकारांची पंचाईत होते. आइसलँडचा आद्य इतिहासकार आरी थोर्गिल्सन याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिताना, गिसूर बिशपाच्या काळात झालेल्या शेतकऱ्यांच्या मोजणीचे आकडे दिले आहेत. तिथल्या लोकसभेच्या, म्हणजे आल्थिंगच्या, खर्चासाठी कर भरण्याइतपत ऐपत असलेले शेतकरी पूर्व विभागात सात ‘हुंद्राद’, दक्षिणेत दहा, पश्चिमेत नऊ आणि उत्तरेत बारा होते, असे तो सांगतो. हे झाले अडतीस शेकडे. आजच्या वाचकाने सहज वाचले तर शेतकरी 3800 होतात, परंतु मोठ्या शेकड्याने हिशेब केला की तेच 4560 होतात, आणि इतिहासकार हाच दुसरा आकडा धरतात. त्या काळच्या आइसलँडची एकूण लोकसंख्या किती असावी याचे अंदाज याच आकड्यावर बांधले जातात. शेकड्याची किंमत बदलली तर देशाची लोकसंख्याच एका फटक्यात पाचव्या-सहाव्या हिश्शाने खाली-वर होते. ओघात हेही सांगायला हवे, की ‘थाउजंड’ या शब्दातही बहुधा हाच ‘हुंड’ लपलेला आहे, ‘फुगलेला शेकडा’ अशा अर्थाने, आणि नॉर्स भाषेत हजार म्हणजे पुष्कळदा दहा मोठे शेकडे, अर्थात बाराशे, असत.

इंग्लंडमध्ये मोठा शेकडा सर्वाधिक काळ जगला तो बाजारात. इ.स. 1300 च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या वजने-मापांविषयीच्या एका लॅटिन टिपणात हेरिंगच्या मोजणीचा नियम दिलेला आहे: एका ‘लास्ट’मध्ये, म्हणजे घाऊक मापात, दहा हजार मासे, दर हजारात दहा शेकडे आणि दर शेकड्यात सहा विसा. म्हणजे नावाला दहा हजार, प्रत्यक्षात बारा हजार. हेरिंग हा आपल्या तारलीसारखाच थव्याने फिरणारा लहान, तेलकट मासा. तो जाळ्यात सापडला की हजारोंनी सापडतो आणि लवकर नासतो, म्हणून मोजणी भराभर उरकावी लागते. यार्मथच्या धक्क्यावर मोजणारा माणूस एका वेळी दोन्ही हातांत दोन-दोन मासे उचलून टाकीत असे. या चार माशांच्या उचलीला ‘वार्प’ म्हणत. अशा 33 उचली झाल्या की एक शेकडा धरला जाई, म्हणून तेथील शेकडा 132 माशांचा आणि असे शंभर शेकडे मिळून होणारा ‘लास्ट’ 13200 माशांचा. एकशे विसावर आणखी तीन उचली टाकण्यामागे काय हेतू होता, हे ओळखायला कोणत्याही मासळीबाजाराची थोडी माहिती पुरे आहे: ढिगात काही मासे फुटके, दबलेले निघणार, आणि गिऱ्हाइकाला वरकड दिल्याशिवाय घाऊक सौदा होत नाही. मोजणीचे अंतिम माप बोलण्यातल्या शब्दाने ठरले नाही. ते मोजणाऱ्याच्या दोन हातांत मावेल तेवढ्या माशांनी आणि घाऊक बाजाराच्या चालीरीतीने ठरले.

कोणत्या मालाचा शेकडा कितीचा, हे लक्षात ठेवण्यासाठी इंग्लंडमध्ये एक जुनी म्हण प्रचारात होती. माणसे, पैसे आणि टाचण्या यांचा शेकडा पाच विसांचा, बाकी सगळ्याचा सहा विसांचा, असा तिचा आशय आहे. टाचण्या या यादीत कशा आल्या हे सांगणे कठीण असले, तरी पैशांचा समावेश मात्र महत्त्वाचा आहे, आणि त्याचा उल्लेख पुढे येईलच. इमारती लाकडाच्या व्यापारात तर हा मोठा शेकडा विसाव्या शतकापर्यंत टिकला. बाल्टिक समुद्रातील बंदरांतून येणाऱ्या फळ्या ‘पीटर्सबर्ग स्टँडर्ड’ या मापाने विकल्या जात. बारा फूट लांब, अकरा इंच रुंद आणि दीड इंच जाड अशा 120 फळ्या म्हणजे एक स्टँडर्ड, अर्थात 165 घनफूट लाकूड. रशियन बंदराचे नाव, इंग्रजी फूट-इंच आणि जर्मानिक मोठा शेकडा हे तिन्ही त्या एका मापात नांदत होते.

वजनाच्या ‘हंड्रेड’ची कथा याहून वेगळी आहे, कारण तेथे 120 हा आकडा आलाच नाही. वर उल्लेख केलेल्या टिपणातच मेण, साखर, मिरी अशा मालाचा शेकडा आठ पौंडांचा एक ‘स्टोन’ धरून साडेतेरा स्टोनचा, म्हणजे 108 पौंडांचा सांगितला आहे. पुढे चौदाव्या शतकात तिसऱ्या एडवर्ड राजाच्या कारकिर्दीत लोकरीसाठी 14 पौंडांचा स्टोन प्रमाण मानला गेला. लोकर ही तेव्हाच्या इंग्लंडची मुख्य निर्यात असल्याने बाकीच्या वजनांनाही तिच्या मापाशी जुळवून घ्यावे लागले. शंभराला चौदाने निःशेष भाग जात नाही. शंभराच्या पुढची, चौदाने भाग जाणारी पहिली संख्या 112 आहे. आठ स्टोनचे, म्हणजे 112 पौंडांचे हंड्रेडवेट असे रूढ झाले आणि वीस हंड्रेडवेटांचा टन 2240 पौंडांचा झाला. अमेरिकेत या भानगडीत न पडता हंड्रेडवेट सरळ शंभर पौंडांचे ठरवण्यात आले, म्हणून तेथील टन 2000 पौंडांचा असतो. एकाच नावाचे हे दोन टन आजही जुने दस्तऐवज वाचणाऱ्यांना फसवतात.

दशमान पद्धत येण्यापूर्वी भारतातील शाळांतही 28 पौंडांचा एक क्वार्टर, चार क्वार्टरांचे एक हंड्रेडवेट आणि वीस हंड्रेडवेटांचा एक टन, असे कोष्टक मुलांकडून घोकून घेतले जाई. मुंबईच्या कापूस बाजारात त्याचा ठसा अद्याप पुसलेला नाही. मुंबईचा मण 28 पौंडांचा, म्हणजे बरोबर एका क्वार्टराएवढा होता, आणि कापसाची खंडी 28 मणांची, अर्थात 784 पौंडांची धरली जाई. 784 म्हणजे बरोबर सात हंड्रेडवेट. वजने आणि मापे प्रमाणित करणारा कायदा 1956 साली झाला आणि किलोग्रॅम 1958 च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने बाजारात आला, तरी रुईचे भाव अजूनही 356 किलोंच्या खंडीला सांगितले जातात. या विचित्र आकड्यामागे ते सात हंड्रेडवेटच आहेत. विदर्भातला शेतकरी मात्र आपला कापूस खंडीने विकत नाही. तो बाजार समितीत क्विंटलने विकतो. आणि क्विंटल हा शब्द तरी कुठला? लॅटिन ‘केन्तुम्’ पासून झालेला ‘केन्तेनारियुम्’ हा शब्द ग्रीकमार्गे अरबीत जाऊन ‘किंतार’ झाला, तेथून मध्ययुगीन लॅटिनमध्ये परतला आणि युरोपीय भाषांत फिरून ‘क्विंटल’ या रूपाने आपल्याकडे आला. एकाच पिकाची कच्ची बाजू क्विंटलमध्ये आणि सरकी काढलेली बाजू खंडीमध्ये मोजली जाते. त्यातले एक माप नावाने शंभराचे आहे, तर दुसरे पोटातून हंड्रेडवेटाचे.

मग एकशे विसाचा शेकडा हरला कसा आणि शंभर जिंकला कसा? माझ्या मते याचे मोठे श्रेय भारतात घडलेल्या स्थानमूल्य पद्धतीला द्यावे लागेल. रोमन अंकांत लिहिताना शंभराची खूण म्हणजे ‘सी’ हे अक्षर. पण ही खूण केवळ ‘शेकडा’ या शब्दाचे संक्षिप्त रूप म्हणून वाचता येई, आणि शेकडा कितीचा हे वाचणाऱ्याने संदर्भाने ठरवायचे असे. मध्ययुगीन इंग्रजी हिशेबवह्यांत ‘सी’ म्हणजे शंभर की एकशे वीस, असा घोळ यामुळेच होतो. काही लेखनिक तो टाळण्यासाठी सहाचा रोमन अंक लिहून त्याच्या डोक्यावर विसाची खूण काढीत, म्हणजे सहा विसा. भारतीय अंक अरबांमार्फत युरोपात गेले, पिसाच्या लिओनार्डोने 1202 साली त्यांवर सविस्तर ग्रंथ लिहिला, आणि पुढच्या काही शतकांत ते इंग्लंडच्या वह्यांतही रुळले. या अंकांनी लिहिताना एकावर दोन शून्ये काढली की ते शंभरच. तिथे एकशे वीस वाचण्याला वावच उरत नाही. तोंडाने बोलताना जो शब्द लवचीक राहू शकत होता, तो आकड्यात उतरल्यावर जागच्या जागी बांधला गेला.

याला पैशाच्या व्यवहाराची जोड मिळाली. म्हणीतही पैशांचा शेकडा पाच विसांचाच होता, आणि इटालियन सावकारांनी व्याज ‘पेर चेन्तो’, म्हणजे दर शेकडा, सांगण्याची पद्धत रूढ केली. आज आपण काढतो ती टक्क्याची खूण याच शब्दांच्या घाईघाईने लिहिलेल्या संक्षेपातून घडली. आपल्या अंकगणिताच्या पुस्तकातील ‘द.सा.द.शे.’ हाही नेमका तोच व्यवहार: दर साल, दर शेकडा. मासे मोजताना चार जास्त पडले तर कोणी भांडत नसे. पण मुद्दलाच्या शेकड्यात वीस रुपयांची तफावत कोणता सावकार किंवा कोणता ऋणको चालवून घेईल? आता तर शंभराचे हे नेमकेपण इतके पक्के झाले आहे, की इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने 2021 साली प्रत्येकी शंभर चेंडूंच्या डावांची स्पर्धा सुरू केली, तेव्हा तिला नुसते ‘द हंड्रेड’ एवढे नाव पुरले.

राहिला तो जमिनीचा ‘हंड्रेड’. दहाव्या शतकापासून इंग्लंडमधील बहुतेक परगण्यांचे, म्हणजे ‘शायर’चे, ‘हंड्रेड’ या नावाचे पोटविभाग दिसू लागतात. शंभर ‘हाइड’ जमीन म्हणजे एक हंड्रेड, अशी त्यामागची कल्पना होती, आणि हाइड म्हणजे एका कुटुंबाच्या निर्वाहापुरती जमीन; काही भागांत ती 120 एकरांची धरत, त्यामुळे मोठा शेकडा येथेही डोकावतो. देशाच्या मध्य भागातील हंड्रेड शंभर हाइडांच्या बरेच जवळ जात, दक्षिणेकडचे मात्र कितीही लहान-मोठे असत. दर चार आठवड्यांनी हंड्रेडची सभा एखाद्या टेकडीवर, जुन्या झाडाखाली किंवा उभ्या दगडापाशी भरे आणि तेथे चोऱ्यांचे, गुरांच्या मालकीचे, येण्याजाण्याच्या वाटांचे तंटे सुटत. कित्येक हंड्रेडांची नावे त्या झाडांची किंवा टेकड्यांचीच आहेत. गोव्यात सासष्ट गावांची सासष्टी आणि तीस वाड्यांची तिसवाडी झाली, तसाच हा प्रकार, आणि दोन्हीकडे मूळची मोजदाद आज कोणी करीत नाही. जर्मानिक टोळ्यांचे वर्णन करताना रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ.स. 98 च्या सुमारासच लिहून ठेवले होते, की प्रत्येक प्रदेशातून निवडलेल्या शंभर-शंभर पायदळाला ते ‘शंभर’ असेच म्हणतात आणि जी आधी संख्या होती, ती आता नाव आणि मान झाली आहे.

हंड्रेडच्या सभा कालांतराने बंद पडल्या, त्यांची कामे न्यायालयांकडे आणि एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेल्या जिल्हा मंडळांकडे गेली. अमेरिकेतील डेलावेअर राज्यात आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात जमिनीच्या नोंदींपुरता हा शब्द शिल्लक आहे. इंग्लंडमध्ये तो शिल्लक राहिला तो एका घटनात्मक पळवाटेमुळे. 1624 साली हाउस ऑफ कॉमन्सने केलेल्या ठरावानुसार सदस्याला आपल्या जागेचा राजीनामा देता येत नाही. मात्र राजाच्या पदरी लाभाचे पद स्वीकारणारा सदस्य आपोआप अपात्र ठरतो. त्यामुळे ज्याला सभागृह सोडायचे असेल, तो बकिंगहॅमशायरमधील स्टोक, डेस्बरो आणि बर्नहॅम या तीन चिल्टर्न हंड्रेडांच्या कारभाऱ्याचे पद मागून घेतो. चिल्टर्नच्या जंगलांतील लुटारूंचा बंदोबस्त करण्यासाठी हे पद निर्माण झाले असे सांगतात. आज त्याला ना काम आहे, ना वेतन. जॉन पिट याने 1751 साली या वाटेने सभागृह सोडले, आणि टोनी ब्लेअर यांनी 2007 साली पंतप्रधानपदावरून उतरताच त्याच वाटेने आपली जागा रिकामी केली. नेमणूक अर्थमंत्री करतात. याच कामासाठी ‘मॅनर ऑफ नॉर्थस्टेड’ हे आणखी एक नाममात्र पद राखून ठेवलेले असून दोन्ही पदे आळीपाळीने दिली जातात. डिसेंबर 1985 मध्ये अँग्लो-आयरिश कराराच्या निषेधार्थ उत्तर आयर्लंडच्या पंधरा युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहण्याच्या बाजूच्या, सदस्यांनी एकाच दिवशी जागा सोडल्या, तेव्हा अर्थखात्याला त्याच दिवसात या दोन पदांवर एकामागून एक पंधरा माणसे नेमावी लागली, आणि पुढच्याला जागा करून देण्यासाठी आधीच्याला लगोलग मोकळे करावे लागले.